खिडकी उघडू या का?

फिजिओथेरपीचं काम सहा फुटांवरून होत नाही. लकवा झालेल्या माणसाला पलंगावरून उभं करायचं तर त्याचे हात माझ्या खांद्यावर, माझे गुडघे त्याच्या गुडघ्यांना टेकलेले आणि त्याचा श्वास थेट माझ्या कानाशी. गुडघा बदललेल्या आजी पहिलं पाऊल टाकतात तेव्हा त्यांची धाप माझ्याच चेहऱ्यावर येते. छातीत कफ साठलेल्या पेशंटला तर मी मुद्दाम खोकायला लावते आणि तो नीट खोकला की ‘छान, अजून एकदा’ म्हणते. सकाळी ठाण्यातल्या एका रुग्णालयात, संध्याकाळी डोंबिवली-कल्याणात लोकांच्या घरी जाऊन, अशी माझी नोकरी आणि प्रॅक्टिस चालते. रात्री ज्या घरी परतते तिथे किडनीचं प्रत्यारोपण झालेला नवरा असतो.

किडनी सासूबाईंची. शरीराने ती परकी ठरवून नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही औषधं बारा-बारा तासांनी, कायमची. ही औषधं प्रतिकारशक्तीला मुद्दाम झोपवून ठेवतात. ती झोपली की किडनी सुरक्षित राहते. पण मग फ्लू आला काय, गोवर आला काय, तिला जाग येत नाही. लशी त्याला लागू पडतात, पण तुमच्या-माझ्याइतक्या नाहीत. जिवंत विषाणूंच्या लशी तर द्यायच्याच नसतात. क्षयरोगाची भीती वेगळीच. २०२२ च्या नोव्हेंबरात गोवंडी आणि भिवंडीत गोवराची साथ पसरली तेव्हा बाकीच्यांसाठी ती लहान मुलांची बातमी होती. आम्ही डॉक्टरांना फोन लावून बसलो होतो. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी उठवली, त्या दिवशी आमच्या घरात काहीही बदललं नाही. बदलण्यासारखं काही नव्हतंच.

२०२० साली आम्हीही दुधाच्या पिशव्या धुतल्या, वर्तमानपत्राला इस्त्री फिरवली. कोविड हवेतून पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेने स्वच्छ शब्दांत मान्य करायला २०२१ उजाडलं. त्यानंतर आमच्या घरी भाजी धुण्याचे सोहळे बंद झाले आणि सगळं लक्ष हवेकडे गेलं. कामावर नीट बसणारा एन ९५, घरात उलटसुलट वारा खेळेल अशा खिडक्या, दरवर्षी सगळ्यांनी फ्लूची लस, आणि मला कणकण वाटली की मी बाहेरच्या खोलीत. यादी एवढीच राहिली. यादी आटोपशीर झाली तरी डोक्यातली बडबड मात्र तशीच राहिली.

रात्री दिवा मालवला की हिशेब सुरू. लोकलमध्ये दिवा स्टेशनात चढलेली बाई माझ्या मानेजवळ शिंकली. वॉर्डातल्या मुलाला खोकवताना मास्क नाकावरून घसरला होता का? तू तिथून बाजूला का झाली नाहीस? शिकलेली ना तू? त्या माणसाला काही झालं तर आईंना काय तोंड दाखवशील? हा आवाज कुणा भित्र्या बाईचा नव्हता. तो चांगला खडसावणारा, माझ्या कॉलेजातल्या परीक्षकांसारखा होता. आणि गंमत अशी की मी त्याला मान देत होते. तो आहे म्हणून आपण जपून वागतो, असं मला वाटे.

मनाच्या आजारांशी ठाण्याचं नाव जुनंच जोडलेलं आहे. १९०१ सालचं मनोरुग्णालय इथे, म्हणून ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ ही चेष्टा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि मनाबद्दल उघडपणे, साध्या मराठीत बोलायची सवय एका अख्ख्या शहराला लागली. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मराठी माणसांपर्यंत आणण्यात कि. मो. फडके यांचा आणि पुढे नाडकर्णींचा वाटा मोठा. माझ्या पिढीच्या ठाणेकर-डोंबिवलीकरांनी त्यांची भाषणं ऐकली आहेत. ‘असं व्हायलाच हवं’ हा हट्ट सोडून ‘असं झालं तर बरं’ यावर यावं, हे मी तिथूनच घेतलं. माझ्यामुळे घरात कधीच, काहीही येता कामा नये, हा माझा हट्ट होता. तो मी वहीत लिहून खोडून काढला. विचार बदलला आणि उपयोगही झाला. पण सूर बदलला नाही. विवेकाच्या गोष्टीसुद्धा मी स्वतःला दरडावूनच सांगत होते.

२०२२ च्या पावसाळ्यात पुण्याच्या एका मैत्रिणीने झूमवरच्या एका अभ्यासक्रमाची माहिती पाठवली. सजगता आणि स्वतःविषयीची करुणा, आठ आठवडे, आठवड्याला एक वर्ग. फी बऱ्यापैकी होती आणि सगळं इंग्रजीत. या अभ्यासक्रमामागे क्रिस्टिन नेफ या टेक्सासमधल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी २००३ साली या विषयावरचे पहिले शोधनिबंध आणि मोजमापाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. ख्रिस्तोफर गर्मर या मानसोपचारतज्ज्ञांबरोबर २०१० पासून त्यांनी हा आठ आठवड्यांचा क्रम बसवला, आणि २०१३ साली त्याची चाचणीही प्रसिद्ध झाली. पुरावा विचारायची आम्हा फिजिओंना सवय असते, म्हणून हे आधी वाचलं. सूत्रं तीन. जे होतंय ते होतंय तसं पाहणं; स्वतःशी मायेनं वागणं; आणि असं फक्त माझंच होत नाही, हे ध्यानात ठेवणं. वाचून वाटलं, हे तर कुठल्याही दिवाळी अंकात सापडेल. माझ्या मनात खरी शंका वेगळीच होती. स्वतःशी माया करायला लागले आणि हात ढिला पडला तर? ‘जाऊ दे, एवढं काय मनाला लावून घेतेस’ असं स्वतःला म्हणता म्हणता एक दिवस मास्कही जाऊ दे झाला तर?

पहिल्याच वर्गातला एक प्रयोग सांगते. एखादी मैत्रीण अडचणीत असेल तर तिच्याशी काय बोलाल ते लिहा, मग तशाच प्रसंगात स्वतःला काय म्हणता ते लिहा. मैत्रिणीऐवजी मी पेशंट लिहिला, कारण दिवसभर मी त्यांच्याशीच बोलते. ‘काका, आज दोन पावलं झाली, पुष्कळ झालं. पाय थरथरतोय? थरथरू दे, मी धरलंय.’ शेजारच्या रकान्यात स्वतःसाठीची ओळ होती, ‘एवढंही जमत नाही?’ हाच सूर मी पेशंटला लावला असता तर तो दुसऱ्या दिवशी उठलाच नसता. भीतीने स्नायू आखडतो, आखडलेला स्नायू लवकर दमतो आणि दमलेला माणूस पडतो. वीस वर्षं हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत ओळखून होते.

अडचणीही लगेच आल्या. ध्यानाला बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, श्वासाकडे लक्ष द्या. नेमकं तिथेच माझं घोडं अडायचं. श्वास हेच माझं कामाचं क्षेत्र. तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर, ऑक्सिमीटरवरचा आकडा, सहा मिनिटं चालवून दम किती लागतो ते मोजणं, हे सगळं करून आलेल्या बाईला श्वासाकडे बघ म्हटलं की ती त्यात घरघर शोधते. घसा खवखवतोय का? नाकपुडी बंद आहे का? दोन मिनिटांत मी ध्यान सोडून थर्मामीटर शोधायला उठायची. शिकवणाऱ्या बाईंना हे सांगितलं, तर त्यांना नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, श्वास सोड, तळपायांकडे जा. तळपायांवर लक्ष ठेवायचा एक सराव या अभ्यासक्रमात आहेच.

तळपाय मला लागू पडले, आणि तेही लोकलमध्ये. डोंबिवलीहून ठाण्याला आता एसी लोकल मिळते, पण मी साध्या गाडीच्या लेडीज डब्यातच जाते. मैत्रिणी मला वेड्यात काढतात. मला त्या बंद दारांपेक्षा मुंब्र्याच्या खाडीवरचा वारा परवडतो. हँडलला लटकलं की लक्ष पायात न्यायचं. गाडी दिव्याच्या अलीकडे सांधा बदलते तेव्हा भार चवड्यांवर येतो, ब्रेक लागला की टाचांवर. उजवा पाय जरा जास्त दाबतोय, सँडलचा पट्टा करंगळीला घासतोय. शेजारची खोकली. खोकली, ऐकलं. मास्क नीट आहे? आहे. खिडकीकडे सरकता येतंय? येतंय, सरकले. पुन्हा पाय. एवढंच. रात्रीच्या हिशेबात ती शिंक येते अजूनही, पण तिच्यापुढे ‘सरकले होते’ अशी नोंद असते.

हाताचा स्पर्श हा या शिक्षणातला दुसरा भाग. छातीवर हात ठेवा, गाल तळहातात घ्या, स्वतःला थोपटा. दुसऱ्यांच्या अंगाला हात लावून पोट भरणाऱ्या मला स्वतःला हात लावायचं अवघड का वाटावं, कोण जाणे. गालाचा प्रकार मी वगळला. चेहऱ्याला हात लावायचा नाही हे २०२० पासून हाडात मुरलं आहे. डाव्या हाताने उजवा दंड धरायचा, आम्ही खांदा निखळलेल्या माणसाला आधार देतो तसा, हे मात्र जमलं. वॉर्डात, जिन्यात, पेशंटच्या दारात बेल वाजवायच्या आधी, कुठेही करता येतं आणि कुणाला कळत नाही. सुरुवातीच्या दिवसांत यातून भलतंच रडू यायचं. माया मिळाली की जुनं दुःख वर येतं, हे आम्हाला आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही.

मग तो प्रश्न आला, ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं. जिवाची घालमेल होत असताना स्वतःला विचारायचं, मला आत्ता काय हवंय? मी डोळे मिटून बसले. धीर, शांती, विश्वास असलं काहीतरी उत्तर येईल अशी अपेक्षा होती. उत्तर आलं, खिडकी. सकाळपासून मी ज्या पेशंटच्या खोलीत काम करून आले होते तिची खिडकी बंद होती आणि मला ती उघडी हवी होती. मी मागितलं नव्हतं, कारण आपण कुणाला अडचण नको, लोक म्हणतील फार नखरे. मग रात्री त्याच खोलीसाठी स्वतःला फाडून खायचं. म्हणजे खडसावणारा तो आवाज मला जपत नव्हताच. ऐन वेळी तो गप्प बसायचा आणि सगळं होऊन गेल्यावर बोलायचा. माझ्या बाजूने कुणी आहे असं वाटलं तेव्हा कुठे मला तोंड उघडून मागता आलं. नेफ यांनी २०२१ साली स्त्रियांसाठी लिहिलेल्या पुस्तकात करुणेची हीच कणखर बाजू सांगितली आहे: पाठीवरून हात फिरवणं जसं करुणा, तसं दार अडवून उभं राहणंही. हात ढिला पडेल ही माझी शंका उलटी निघाली.

हे सगळं घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, ‘‘अगं, हे शिकायला पैसे भरलेस? मी फुकट सांगत होतो.’’ खरंच सांगत होता. पण त्याच्या तोंडून मला ते पटत नव्हतं, कारण ज्याला जपायचं त्यानेच सूट दिली तर ती घ्यायची कशी? सासूबाई पोथी वाचत होत्या. त्यांना वाटलं, आधी स्वतःसाठी मागायचं हे काही आपल्यातलं नाही. पसायदानात तर सगळ्या जगासाठी मागणं आहे. मी म्हटलं, आई, त्या जगात आपणही आलोच की. शिवाय मैत्रीभावनेची सुरुवात स्वतःपासून करावी असं बुद्धघोषांच्या विशुद्धिमार्गात पाचव्या शतकातच लिहून ठेवलंय. बुद्धघोषांचा त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. थोड्या वेळाने चष्मा काढून त्या म्हणाल्या, ‘‘मी तरी काय केलं? एक दिली. दुसरी माझ्यासाठी ठेवलीच ना?’’

‘असं फक्त माझंच नाही’ या सूत्राशी मात्र माझं बराच काळ जमलं नाही. २ एप्रिल २०२२ चा गुढीपाडवा आठवा. राज्यातले निर्बंध त्याच दिवसापासून उठले, मास्क ऐच्छिक झाला आणि दोन वर्षांच्या खंडानंतर डोंबिवलीत स्वागतयात्रा निघाली. फडके रोडवर नऊवारी, नथी, ढोल, आणि इतक्या वर्षांनी दिसावेत तसे उघडे, हसरे चेहरे. मला मनापासून आनंद झाला आणि त्याच क्षणी अगदी एकटं वाटलं. आमच्यापुरती सुट्टी नव्हती. ‘अजून मास्क?’ हा प्रश्न तेव्हापासून सुरू झाला तो अजून संपलेला नाही. एक उपाय मी योगायोगाने शोधला आहे. ‘एमआयडीसीचा वास सहन होत नाही’ म्हटलं की डोंबिवलीकर पुढे एक शब्द विचारत नाही. कारखान्यांच्या प्रदूषणाने हिरवा पाऊस आणि गुलाबी रस्ता पाहिलेलं गाव आहे हे. आजाराचं कारण सांगितलं तर चर्चा होते, प्रदूषणाचं सांगितलं तर सहानुभूती मिळते.

पण नीट पाहू लागल्यावर आमच्यासारखे दिसू लागले. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या शेजारच्या बाई. केमोथेरपी चालू असलेल्या बहिणीकडे राहायला आलेली ट्रेनमधली मैत्रीण. कमी दिवसांचं बाळ घरी असलेली आमच्या वॉर्डातली नर्स. प्रत्यारोपणाच्या ओपीडीत घड्याळाकडे बघून औषधाची डबी उघडणारी माणसं. आम्ही एकमेकांना मास्कवरून ओळखतो आणि हसतो. ते डोळ्यांतून कळतं. लोकलच्या ग्रुपमध्ये वाढदिवसाला ढोकळा फिरतो, तेव्हा पूर्वी मी उपासाची सबब सांगायचे. खरं काय ते सांगितल्यावर माझा वाटा झाकणाच्या डब्यात भरून मिळू लागला, चटणीसकट.

या शिक्षणाचा गैरवापरही पाहिला, तोही सांगायला हवा. एका रुग्णालयात कर्मचाऱ्यांसाठी ताणमुक्तीचं सत्र होतं. तळघरातला हॉल, एकही खिडकी नाही, एसी चालू, खुर्च्या भरून भिंतीला टेकून उभी राहिलेली माणसं, आणि वक्ते सांगतायत, ‘आता सगळ्यांनी खोल श्वास घ्या.’ मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले. तिथे आधीच दोन सिस्टर उभ्या होत्या. डबल ड्युटी, तुटपुंजे मास्क, कोंदट वॉर्ड हे जसंच्या तसं ठेवून माणसांना स्वतःवर प्रेम करायला सांगणं ही शुद्ध फसवणूक आहे. आधी एक्झॉस्ट पंखा बसवा, रजा द्या, मग ध्यान शिकवा.

हवेचं वेड लागल्यावर नवऱ्याने मला कार्बन डायऑक्साइड मोजायचं तळहाताएवढं यंत्र आणून दिलं. बाहेरच्या हवेत ते सव्वाचारशेच्या आसपास दाखवतं. विषाणू त्यात दिसत नाही. दुसऱ्यांनी सोडलेली हवा आपल्या वाट्याला किती येतेय एवढं कळतं. कल्याणच्या पारनाक्याजवळ एका जुन्या वाड्यात पेशंट आहेत. उंच आढं, समोरासमोर खिडक्या, आकडा जागचा हलत नाही. खडकपाड्याच्या नव्या टॉवरमध्ये स्लायडर घट्ट बंद, एसी लावलेला, खोलीत चार माणसं. आकडा बघता बघता हजारावर.

त्याच टॉवरमधली गोष्ट. पक्षाघाताने उजवी बाजू आणि वाचा गेलेले एक काका, माजी बँक मॅनेजर. नातू शेजारी मोबाइल बघत खोकत होता. मी माझं आता पाठ झालेलं वाक्य म्हटलं, ‘‘खिडकी उघडू या का? माझ्या घरी किडनी बदललेला माणूस आहे, म्हणून जरा जपते.’’ सूनबाई म्हणाल्या, ‘‘अहो, धूळ येते हो, आणि एसी चालूय.’’ त्यांचंही खोटं नव्हतं, खाली रस्त्याचं काम चाललं होतं. काका मात्र पलंगाच्या कडेला बसूनच स्लायडरकडे बघत होते. मग मी त्यांचा उजवा हात कोपरापाशी धरला, बोटं स्लायडरच्या खाचेत ठेवली आणि म्हटलं, ‘‘ढकला.’’ खांदा वर चढला, मान आखडली, बोटं सुटली. पुन्हा ठेवली. ‘‘खांदा खाली, काका. घाई नाही.’’ चौकट इंचभर सरकली, मग हातभर. खालचा ड्रिलचा आवाज खोलीत आला, सूनबाईंनी कपाळाला आठी घातली आणि काका म्हणाले, ‘‘उ...घडली.’’ त्या घरात आता हा रोजचा व्यायाम आहे. सूनबाई मी यायच्या आधी एसी बंद करतात, खिडकी मात्र काकांसाठी लावून ठेवतात.

वाचणाऱ्यांकडे तीन मागण्या आहेत. घरी फिजिओ, नर्स किंवा रक्त घ्यायला मुलगा येणार असेल तर दहा मिनिटं आधी खिडक्या उघडून ठेवा. घरात कुणाला ताप-खोकला असेल तर फोन करून सांगा. आम्ही दुसरा दिवस देतो, त्याचे पैसे कापत नाही. आणि गाडीत कुणी मास्क लावून उभं असेल तर कारण विचारू नका, जमलं तर खिडकीकडची जागा द्या.